डोंगर खाली येण्याआधी

सोसायटीचे अध्यक्ष निरंजनराव, सरपंच रेश्माताई, व्यासपीठावरील मान्यवर, आणि हिंजवडीच्या चौकात रोज गाडीत बसून आयुष्य झिजवणाऱ्या माझ्या जांबेकरांनो,

अंगणवाडीच्या उषाताईंना निरोप द्यायला आपण जमलो आहोत. शाल आहे, श्रीफळ आहे. मधली खुर्ची मात्र रिकामी आहे. का? त्यासाठी या गावाचा थोडा इतिहास ऐकावा लागेल.

ही सोसायटी उभी आहे तिथे आमची भातखाचरं होती. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कंपन्या आल्या. तुम्हाला घरं हवी होती, आम्हाला गिऱ्हाईक. पण चिखलावर इमारत कशी उभी राहणार? भराव हवा. मग मागचा डोंगर पोखरला आणि मुरमाचे डंपर इथे रिकामे केले. आम्ही जमीन विकली, डोंगरही विकला. पायथ्याच्या वाडीला विचारलं कोणी? छे!

वाडीतल्या चिंधूला मी एकदा म्हणालो, "डोंगराबद्दल बैठक घेऊ, तुझ्याच अंगणात." तो म्हणाला, "हितं कशाला, दादा? डोंगर तर तुमच्या पार्किंगखाली गेलाय. तितंच बसू की!"

तेव्हा सगळे हसले होते. आज त्या कापलेल्या कड्याला भेग पडली आहे. दुपारी वाडीतल्या भिमाबाईंच्या घराची मागची भिंत चिखलाने आत ढकलली. घरात कोणी नव्हतं, म्हणून वाचले. पाऊस अजून थांबलेला नाही.

उषाताई सकाळपासून तिथे आहेत. मघाशी मी फोन केला, "ताई, लोक खोळंबलेत." मागून भिमाबाई ओरडल्या, "जावा की बाई, सत्कार हाय तुमचा! लई मिरवायचं हाय आज!" ताई त्यांना म्हणाल्या, "गप गं. पोरं कुटं न्यायची ते बघ आधी." मग मला म्हणाल्या, "दादा, यांना जागा द्या. मी एकटी येणार न्हाई."

जागा? आपण बसलोय ती काय आहे? निरंजनराव मघाशी म्हणाले, बाहेरच्यांना हॉल देता येत नाही, नियम आहे. अध्यक्षमहाराज, बाहेरचं कोण? तुमच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाया त्याच वाडीतल्या. त्यांची मुलं ताईंनी सांभाळली, म्हणून तुमची कंपनीची बस कधी चुकली नाही. आणि कडा काय तुमची नियमावली वाचून कोसळणार आहे? उद्या त्या चिखलातून आपण कोणाला उपसून काढणार, आणि कोणत्या तोंडाने?

आयोजकांनी मला बोलू दिलं, मी त्यांचा ऋणी आहे. मंगल प्रसंगी तोंड कडू केलं. राग धरायचा तर उद्या धरा, मी दारात येऊन ऐकून घेईन. आत्ता हार तिथेच ठेवा, प्रत्येकाने आपापली गाडी काढा, आणि वाडीतली सगळी माणसं या हॉलमध्ये आणायला माझ्या मागे चला.