नव्या वार्डाचं पाणी

हॅलो?… हौ, मी चंपाबाईच. कोण?… अगं दीपी! जय भीम, माय. थांब, घरात आवाज कटते, अंगणात येते… हं, बोल आता.

हौ, निघालोच. पिशवी भरून झाली. तुहे मोठे बाबा चप्पल घालून कवाचे बसले बाजेवर. इथं बिरश्याहून बालाघाटची बस काही आपल्यासाठी थांबते का?… संध्याकाळी तुमच्याकडंच मुक्काम, अन् सकाळी गोंदियाले, डायलिसिसले. आपलं नेहमीचंच… चारोळी? घेतली न तुह्यासाठी.

काय?… अगं, काहून रडून राह्यली? दीपी?… ऐक ना, आधी नाक पूस. ऑफिसात कोणी बोललं का?… मंग?… समोर सांगता नाही येणार म्हणून फोन केला? असं काय आहे बाप्पा?

हौ, तुमच्या बालाघाटच्या दवाखान्याचं. माहीत आहे न. नवा वार्ड बांधणार, डायलिसिसच्या खाटा वाढवणार, अन् शहराचं पाणी त्याले पुरते का नाही, ते तुह्या कंपनीनं पाहाचं… हौ, हौ, तूच तं सांगितलं होतं. खाटा वाढल्या का मोठ्या बाबाचा नंबर बालाघाटलेच लागन, गोंदियाचा फेरा सुटन… मंग? देला रिपोर्ट?

काय लिहिलं?

…नाही पुरत?

खोटं काहून बोलू, वाईट तं वाटलं, माय. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगून बसली होती.

पण कसं काय? वैनगंगा तं तिथंच आहे न, एवढी मोठी?… हं… टाकी लहान, पाइप जुने. अन् उन्हाळ्यात नदीही आटते… अन् त्या मशीनीले एवढं पाणी लागते? एका माणसाचं रगत धुवाले?… बाप्पा! इथं डॉक्टरनं ह्याईले पाणी मोजून प्याले सांगितलं, एक गिलास जास्त मांगितला तं मी डोळे वटारते.

सांग, काय झालं ते सारं सांग… हं… सकाळी नळ येतात त्या टायमाले… दवाखान्याच्या पाइपाचा वॉल पुरा खोलला. नव्या वार्डाले लागन तेवढं पाणी घेऊन पाह्यलं. अन् तू?… मागच्या गल्लीत, प्रेशर मोजाले. मंग?… नळ बारीक झाले… गेलेच?… कोण मैनाबाई?… गल्लीच्या टोकाले राहते ते बुढी. एकलीच?… तिच्या नळातून नुसती हवा! अगं माय… अन् तिले वाटलं, तू तिचा नळ सुधराले आली. चहा देला तुले?… कायच्या पाण्याचा?… कालच्या घड्यातलं उरलं होतं ते.

…अगं, मंग रडू येणारच.

वॉल बंद केला न पण लगेच?… हं. भरले तिनं गुंड-घागरी. बरं झालं.

मंग साहेब काय म्हणत होते?… 'अभी लिख दो, बाद में देख लेंगे.' हौ, त्याईचं काय जाते. अन् तू एकली अडून बसली?… नाही, नाही… ऐक ना… दीपी, माह्यं ऐक! मोठ्या बाबाच्या खाटा तू नाही अडवल्या. नाही म्हणते न!… तू 'पुरते' लिहिलं असतं, अन् त्या बुढीचा घडा रिकामा राह्यला असता, तं ह्याईले त्या खाटेवर झोप आली असती का? तुले माहीत आहे न हा माणूस कसा आहे.

काय?… अजून आहे? अगं मंग आधी काहून नाही सांगितलं, पोरी!… हळू, हळू बोल… दवाखान्यानं आपली मोठी टाकी बांधावी… दुपारी गल्लीचे नळ बंद असतात तवा थोडं थोडं भरून घ्यावं… मशीनीतून वाया जाते ते पाणी संडासाले, झाडाईले… हे तू लिहिलं? आपल्या डोक्यानं?… अन् तेवढ्यात थोड्या खाटा होतात! मानलं दवाखान्यानं?… आजच्या मीटिंगमध्ये? टाकी आधी, खाटा मंग. बाकीचा वार्ड नवी पाइपलाइन आल्यावर… अन् ह्याईचा नंबर?… नाही सांगता येत. बरं. नको सांगू. खोटी आस नको देऊ मले. तवापर्यंत गोंदिया आहेच.

थांब, हे काही म्हणून राह्यले… काय हो?… दीपी, हे दाराशी उभे राहून सारं ऐकत होते. विचारतात, त्या मैनाबाईच्या नळाले आज पाणी आलं का?… आलं म्हणते हो! स्वतः जाऊन पाहून आली म्हणते!… हसून राह्यले हे. म्हणतात, माह्या भावाची पोरगी शोभते… अगं, आता काहून रडते पुन्हा?

ऐक. संध्याकाळी तोंड लपवून खोलीत बसली तं पाह्य. समोर बसाचं, आमच्यासंग जेवाचं… काय? सुट्टी घेतली? गोंदियाले येते आमच्यासंग?… कायले त्रास करून घेते… बरं, ये. ये, माय. पण ह्याईले खिडकी लागते, मले पाय पसराले जागा लागते, तुले मधात दबून बसा लागन, आधीच सांगते… हौ, तू जाडी झाली तं मी काय करू?

सडकेवर बस दिसली, दीपी! ठेवते… हौ, गोळ्या घेतल्या… हौ, ह्याईच्या रिपोर्टाची फाइलही घेतली… अगं ठेव आता!

…

चला हो. हासली पोरगी.