निंबापासून डावीकडे

पुंजाराम : पोरीची होस्टेलातली पेटी तेवढी द्या मॅडम, अन् तिचं नाव काढून टाका. आमाले अमरावतीची अंधशाळा नाई पायजे आता.

रूपाली मॅडम : पुंजारामभाऊ, प्रणालीचं सातवीचं वर्ष आहे. आजी गेल्याचं दुःख मी समजू शकते, पण...

पुंजाराम : दुःखाचं नाई सांगून रायलो. माय मळ्यातल्या खोलीत पडली, जवळ ही एकटी. मी तिकडे विहिरीवरच्या पान्याच्या इंजिनापाशी, तिथं कोनाची हाक ऐकू येत नाई. मायनं म्हटलं, जाय, बापाले बलाव. ही निंबापासून उजव्या हाताले वळली, अन् मी होतो डाव्या हाताले. दोन तासानं पातूरच्या रस्त्यावर सापडली. तोवर माय थंड पडली होती.

रूपाली मॅडम : मळा नवीन होता तिला. म्हणूनच तर नकाशा दिला होता मी.

पुंजाराम : तेच तर. तुमी एवढा जीव लावून करून देल्ला, अन् ही म्हणे नकाशातच तसं होतं. बोट ठेवून दाखवे मले. म्या एक कानाखाली देल्ली. म्हटलं, मॅडमवर ढकलतं? तुले दिसते का मॅडमपेक्षा?

रूपाली मॅडम : तुम्ही पाहिलात तो?

पुंजाराम : पांढऱ्या कागदावर पांढरे टिपके, त्याच्यात मले का समजते? गाव म्हणते, आंधळीनं आजीले खाल्लं. मी काई बोललो नाई. हा घ्या तुमचा कागद.

(रूपाली मॅडम डोळे मिटून कागदावर बोट फिरवतात. पुन्हा एकदा फिरवतात.)

रूपाली मॅडम : भाऊ, आम्ही कागद पाठीमागून टोचतो, म्हणजे टिपके पलीकडे वर येतात. कागद पालटला की डावं उजवीकडे जातं. म्हणून टोचताना चित्र उलटं काढायचं असतं.

पुंजाराम : मंग?

रूपाली मॅडम : त्या दिवशी तुम्हाला चारची अकोल्याची बस होती. घाईत मी तुम्ही काढून दिलेलं मळ्याचं चित्र सुलटंच टोचलं. वीस वर्षं हे काम करते मी, आणि देण्याआधी एकदा बोट फिरवून बघितलं नाही. चूक माझी आहे. ती नकाशाप्रमाणे बरोबर वळली.

पुंजाराम : म्या तिले मारलं मॅडम. मायच्या तेरवीच्या दिवशी, सोयऱ्यांच्या समोर.

रूपाली मॅडम : ती घरी आहे?

पुंजाराम : बाहेर बाकावर बसली आहे. तुमीच सांगा तिले. माह्या तोंडातून नाई निघत. प्रणाली, ये वं आत.

रूपाली मॅडम : प्रणाली, मी नकाशा चुकीचा टोचला होता. तुझी काही चूक नव्हती. बाबांनाही सांगितलं मी.

प्रणाली : मले माहीत होतं.

रूपाली मॅडम : कधीपासून?

प्रणाली : वळली तवापासून. इंजिन समोर वाजाले पायजे होतं, ते मागं वाजून रायलं होतं.

रूपाली मॅडम : मग परत का नाही फिरलीस, बाळा?

प्रणाली : मले वाटलं, मॅडमचा नकाशा कसा चुकन. माहे कानच चुकले असन.