चार टोपणं आणि गालावरचे वळ

जबाब देणारा: पुस्तकबांधणी कारागीर, निवृत्त. वय चौऱ्याहत्तर वर्षे. राहणार मुलीच्या घरी, दुसरा मजला, जिना चढून उजव्या हाताचे दार.

समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी मुलगी व जावई यांच्यासोबत नऊ वर्षे राहत आहे. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. जावई बेकरीत भट्टीवर असतो, पहाटे जातो व दुपारी दोन वाजता घरी येतो. त्याचे हात मोठे आहेत, पण स्वभाव कणकेसारखा आहे. हे शेवटचे वाक्य आवश्यक आहे का, असे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारबाईंनी विचारले. मी आवश्यक आहे असे सांगितले.

आज शनिवारी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास जावयास ठाण्यात आणण्यात आले. समोरच्या गॅलरीत राहणाऱ्या निवृत्त सिस्टरबाईंनी तक्रार दिली होती की, त्याने मला मारहाण केली. त्या वेळी मी खाजेची गोळी घेऊन झोपलो होतो. ती गोळी घेतली की मला जगबुडीचाही पत्ता लागत नाही. सात वाजता मुलगी कामावरून आली, तिला शेजाऱ्यांनी जिन्यातच हे सांगितले, तिने मला उठवले, आणि आम्ही दोघे तसेच इकडे आलो. जावई बाकावर बसलेला होता. त्याने एवढेच सांगितले होते म्हणे की, "बाबा उठले की त्यांनाच विचारा."

त्याने मला मारलेले नाही. गालावरचे व मानेवरचे वळ माझ्याच बोटांचे आहेत. मला दारू सोसत नाही. घोटभर पोटात गेली की तोंड लालबुंद होते, कान तापतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, आणि खाजवले तिथे बोटागणिक वळ येतो. मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नात एक पेला घेतला, तेव्हा फोटोत नवऱ्यापेक्षा मीच जास्त लाजलेला दिसतो. त्वचेच्या डॉक्टरांनी बजावले की, आज कातडीवर निभावले, उद्या घसा सुजेल. मुलगी म्हणाली, "बाबा, थेंबाला जरी शिवलात तर माझी शपथ आहे." मी शपथ घेतली. ती आता शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत आहे.

आजची हकीकत अशी. दर शनिवारी तीन वाजता आम्ही शाळेचे तीन सोबती शिंप्याच्या दुकानात जमतो. एक शिंपी स्वतः, दुसरा घड्याळजी, तिसरा मी. दुपारी गिऱ्हाईक नसते. शटर अर्धे ओढून आम्ही शाळेच्या पुस्तकांतल्या कविता पाठ म्हणतो. ती पुस्तके मीच पुन्हा शिवून, पाठीला नवे कापड लावून ठेवलेली आहेत. जुन्या पानांना डिंकाचा आणि पावसाळी दप्तराचा वास येतो, आणि तो आला की फळ्यावरची खडूची धूळसुद्धा उन्हात तरंगताना... येथे अंमलदारबाईंनी मला मुद्द्यावर येण्यास सांगितले.

नियम असा की, म्हणताना जो अडेल त्याने खोकल्याच्या औषधाचे टोपण भरून लाल वाइन प्यायची आणि कविता पहिल्यापासून म्हणायची. नऊ वर्षांत मी एकदाही अडलो नाही. शिंपी म्हणायचा, "हा नुसता बिस्किटं खायला येतो."

आज माझ्या वाट्याला चौथीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता आली. सहा कडवी आहेत. मी ती शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर म्हटलेली आहे. तिसऱ्या कडव्याशी मी थांबलो.

शिंपी म्हणाला, "उसवलं रे उसवलं! घाल दोन टाके आणि हो पुढे." घड्याळजी म्हणाला, "कविराज, काटा अडकला. तेल घालावं लागणार!" दोघे पोट धरून हसले. मग शिंप्यालाच माझ्या कातडीची आठवण झाली. "राहू दे, तुला माफ. तू पाणी पी," असे तो म्हणाला. मी नकार दिला. त्याचे कारण विचारले असता सांगतो की, लहानपणी खेळात ज्याला बाद धरत नाहीत त्याला लिंबूटिंबू म्हणतात. मला या वयात लिंबूटिंबू व्हायचे नव्हते.

मी टोपण प्यालो. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबलो. असा एकूण चार वेळा अडलो. तिसऱ्या वेळी घड्याळजी हसला नाही. चौथे टोपण रिकामे झाल्यावर शिंप्याने बाटलीला बूच लावले आणि शटर वर केले. गिऱ्हाईक आलेले नव्हते.

पाच वाजता मी घरी पोहोचलो. आरशात पाहिले तर पिकलेला टोमॅटो. जावयाने लगेच ओळखले. त्याने थंड पाण्याची पट्टी आणली व गोळी दिली. मी खाजवू लागलो तेव्हा त्याने माझी दोन्ही मनगटे धरली.

"बाबा, हात खाली."

"अहो जावईबापू, गाल माझा, खाज माझी."

"आणि बोलणी कोणाला? मलाच ना?"

ही झटापट खिडकीशी झाली. सिस्टरबाईंनी समोरून पाहिले व ओरडून विचारले, "काका, तोंडाला काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही हो, दारावर आपटलो." त्या म्हणाल्या, "दारावर आपटल्यावर चार बोटं उमटतात होय? दाराला हात फुटले का?" मी खिडकी लावून घेतली. त्यांचा संशय रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तक्रार दिली असती. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

झोपण्याआधी मी जावयाकडून वचन घेतले की, यातले मुलीला काही सांगायचे नाही. ते त्याने ठाण्यातही पाळले. वचन पाळण्यात तो माझ्यापेक्षा बरा निघाला.

अंमलदारबाई म्हणाल्या, "आजोबा, दारू प्यालात एवढं पुरे. चार वेळा अडलात ते नाही लिहिलं तरी तुमचे जावई सुटतील." मी मुलीकडे पाहिले. नंतर सांगितले की, लिहा. उगीच कोणी पुन्हा विचारू नये.

मुलीने दारूबद्दल एक अक्षर काढले नाही. तिने विचारले, "बाबा, कुठलं कडवं?" मी सांगितले. ते मीच तिच्याकडून लहानपणी पाठ करून घेतले होते. तिने ते हळू आवाजात पूर्ण म्हटले. जावई तोवर बाकावरून उठून दारात येऊन उभा राहिला होता. मी तिच्यामागून म्हटले, तरी मधेच अडलो. मग तिने ते पुन्हा म्हटले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो आहे. कडवे त्यात घेतलेले नाही, ते जबाबाचा भाग होत नाही असे अंमलदारबाईंचे म्हणणे पडले. बाकी सर्व बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.