निघण्याआधी जरा बसा

हसू नका राव, पण आमच्या आबांचा डिस्चार्ज मला अजून स्वप्नासारखा वाटतो. न्युमोनिया झाला म्हणून त्यांना चाकणच्या एका छोट्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. रशियात शिकून आलेली एक तरुण डॉक्टर अख्खा मजला एकटी बघायची. दुसरे डॉक्टर सोडून गेलेले आणि नवं कुणी मिळेना.

सकाळी आम्ही सामान उचललं. खाली रिक्षा उभी, भावाला शिफ्ट गाठायची. तेवढ्यात ती आली आणि म्हणाली, "सगळे जरा खाली बसा."

हॉस्पिटलात डॉक्टर असं कधी म्हणतात, तुम्हीच सांगा! आईनं डोळ्याला पदर लावला. भावानं चाचरत विचारलं, "रिपोर्ट वाईट आलाय का मॅडम?"

"अहो, नाही! आबा ठणठणीत आहेत. मी शिकले तिकडं प्रवासाला निघताना सगळे थोडा वेळ गप्प बसतात, मगच उठतात. प्रवास सुखाचा होतो म्हणे."

मग बसलो. आबा, आई, भाऊ कॉटवर, मी बॅगेवर, ती स्टुलावर भिंतीला टेकून. पंखा संथ फिरत होता, पडद्यातून कोवळं ऊन येत होतं. रस्त्यावरचे ट्रकसुद्धा कुठं तरी लांब गेल्यासारखे वाटले. शिफ्टांच्या नादात आमचं घर असं एकत्र कधी बसलं होतं, आठवेना.

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. भाऊ उठायला लागला, तर जन्मात कधी हळू न बोललेल्या आबांनी त्याचा हात धरला आणि अगदी कानात सांगितलं, "बस रं. पोरीला झोप लागलीया."