मुलाखतीला गेलेला कोट

(बाथरूमचं दार आतून बंद. बाहेर स्टुलावर आजी, तिच्या शेजारी गाडीची किल्ली घेऊन उभे असलेले बाबा. घर वरच्या मजल्यावर, खाली घरचीच लॉन्ड्री.)

आजी : अगं, अक्षर न् अक्षर खरं आहे! एक शब्द खोटा निघाला तर माझे सगळे दात आत्ताच्या आत्ता या पायपुसण्यावर पडोत!

नात : तुझे दात इथे आहेत, आजी. आत. वाटीत. माझ्यासमोर.

आजी : ते खालचे. वरचे तोंडात आहेत. वरच्यांची शप्पथ.

नात : कशाचीही शप्पथ घे. मी बाहेर येणार नाहीये.

आजी : नको येऊस. तुला कोण बोलावतंय? मी आपली या दाराला गोष्ट सांगतेय. दार बिचारं ऐकून तरी घेतं.

बाबा : आई, गोष्ट नंतर. ठकू, बाळा, गाडी खाली दारातच आणून लावलीये. उशीर झाला तर विद्यापीठापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

नात : तू एकटा जा. त्यांना सांग, मुलगी वारली.

आजी : सांगेल तो. मग ते विचारतील, वारल्यानंतर पुढच्या पाच वर्षांत ती स्वतःला कुठे बघते?

बाबा : आई, प्लीज. ठकू, लेखी परीक्षा पास झालीस तू. अवघड ती होती. अर्धे लोक तिथेच गळाले. आता नुसतं समोर बसून बोलायचंय.

नात : नुसतं! काल क्लासच्या सरांनी सराव मुलाखत घेतली माझी. सगळ्या वर्गासमोर. त्यांनी विचारलं, 'आपलं नाव?' मी काय म्हणाले माहितीये?

बाबा : काय?

नात : म्हणाले, 'मी कामात स्वतःला फार झोकून देते, हाच माझा दोष आहे.'

आजी : लांब आहे जरा. पण भारदस्त नाव आहे हो.

नात : आजी, सगळे हसले! पाणी घेऊन आलेला माणूससुद्धा हसला! दोषाचं उत्तर पाठ केलं होतं ना, ते नावाच्या जागी आलं. आज तिथे 'बसा' म्हणाले, तर मी काय बोलेन कुणास ठाऊक. आणि वरून बाबांची मुलगी! जिन्यात फोटो लावलाय तो, पदवीचा काळा झगा घातलेला. येईल तो पाहुणा विचारतो, 'काय, बाबांसारखी पहिल्या झटक्यात आत जाणार ना?'

बाबा : तो फोटो मी कधीच काढून टाकायला...

आजी : फोटोला हात लावायचा नाही. आणि तू मधे बोलू नकोस, मला लिंक लागत नाही. हां, तर कुठे होते मी? कोट. तर दारा, ऐक. या माझ्या लेकाला विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि घरात कोट नाही. खाली लॉन्ड्रीत जगाचे कोट लटकतायत आणि वर आमच्याकडे एक नाही! पण काळजी कसली? लॉन्ड्रीवाल्यांची एक रीतच होती तेव्हा...

बाबा : लॉन्ड्रीवाल्यांची नव्हती. आपल्याच घरची होती.

आजी : ...की कुठे चारचौघांत जायचं असलं की गिऱ्हाईकाचा कपडा एक दिवस अंगावर चढवायचा, घरी आलं की पुन्हा धुवायचा आणि खुंटीला. गिऱ्हाईकाचा फायदाच. एका पावतीत दोनदा धुऊन मिळतो.

नात : आजी, याला चोरी म्हणतात.

आजी : चोरी कशी? तपासणी! धुतल्यावर कोट आटला की नाही, हे अंगात घातल्याशिवाय कळणार कसं? तर एक राखाडी कोट होता. थंडीच्या सुरुवातीला कुणीतरी टाकून गेलं, ते न्यायला आलंच नाही. तुझे आजोबा म्हणाले, 'हाच घाल. याचा मालक एक तर मेला असेल, नाहीतर जाड झाला असेल. दोन्ही प्रकारांत कोट मागायला येत नाही.' झालं! चढवला कोट, पाडला भांग आणि निघाला तुझा बाप. असा निघाला, असा निघाला, जसा काही विद्यापीठ विकत घ्यायलाच चाललाय!

बाबा : मी पार घाबरलो होतो.

आजी : बाहेरून दिसत नव्हतं. आत समोर तिघं बसलेले. एका बाजूला बाई, चष्मा साखळीला बांधलेला. दुसऱ्या बाजूला एक तरुण, नुसता लिहिणारा. आणि मधे थोरले प्रोफेसर. एवढे मोठे, एवढे मोठे, की त्यांना शिंक आली तरी बाकीचे मान डोलवायचे. पण त्या थंडीत त्यांच्यावर एक प्रसंग ओढवला होता, दारा.

नात : कसला प्रसंग?

आजी : मी दाराशी बोलतेय.

नात : आजी!

आजी : त्यांची कवळी हरवली होती.

नात : बास! बास झालं! तुझी वाटी माझ्यासमोर आहे म्हणून तुला हे आत्ता सुचलंय!

आजी : बरं, तसं समज. पण हरवली होती. वरची, खालची, पूर्ण. आणि प्रोफेसर मोठे मानी. नवी करून घ्यायची तर हरवली हे कबूल करावं लागणार. ते कसं करणार? तसेच शिकवत राहिले. अख्खी थंडी! पोरं समोर बसून वह्यांत काहीबाही लिहायची. 'सर, कळलं नाही' म्हणायची कुणाची टाप नव्हती.

बाबा : आई, आपण निघायचं...

आजी : तर त्यांनी तुझ्या बापाला पहिला प्रश्न विचारला. म्हणाले, 'फुफ् फाफ् फफ्फाफू?'

नात : म्हणजे काय?

आजी : तेच तर! बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. तरुणानं लिहून घेतलं. आणि हा तुझा बाप, ताठ बसून म्हणतो, 'होय सर. अगदी लहानपणापासून.'

बाबा : आई, ती हसली का?

आजी : छे! शिंकली असेल. आत गारठा असतो.

नात : मी हसले नाहीये.

आजी : म्हटलं ना, शिंकली. मग पुढे दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, सगळे फुफ्-फाफ्. हा आपला कधी 'होय सर', कधी 'परिस्थितीवर अवलंबून आहे सर'. एवढ्यात प्रोफेसर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर गेली कोटाच्या बटणावर. तिसरं बटण इतरांपेक्षा वेगळं, आणि निळ्या दोऱ्यानं लावलेलं. वाकडंतिकडं. पुरुषमाणसानं लावल्यासारखं. ते उठले. टेबलाला वळसा घालून आले. तुझ्या बापाची कॉलर धरली...

नात : मारलं?

आजी : मारतायत कशाला! अस्तरात हात घातला. आतल्या बाजूला, पार काखेपाशी, एक चोरखिसा होता. आजोबांनी सगळे खिसे तपासले होते, तेवढाच राहिला. त्यातून निघाला रुमाल. आणि रुमालातून निघाली...

नात : नाही. नाही, नाही, नाही.

आजी : कवळी! धुतलेली, वाफेतून काढलेली, कोटाबरोबर इस्त्री झालेली! अशी लखलखत होती, अशी लखलखत होती, की बाईंनी चष्मा काढून ठेवला. प्रोफेसरांनी पाठ फिरवली. कट् आवाज झाला. पुन्हा वळले. बाई श्वास रोखून, तरुण पेन रोखून. अख्ख्या थंडीनंतर एवढा मोठा माणूस पहिल्यांदा स्पष्ट बोलणार! आणि ते काय म्हणाले?

नात : काय?

आजी : म्हणाले, 'ती खिडकी लावा.'

नात : एवढंच?

आजी : अगं, तेच सांगत होते ते थंडीभर! आणि ही बाकीची मंडळी, सर काहीतरी महत्त्वाचं म्हणतायत म्हणून, दर वेळी उठून ती आणखी उघडत होती! हं. आता तर चांगलीच शिंकली.

नात : मग? पुढे काय झालं?

आजी : पुढे काय व्हायचंय? घेतला! तिथल्या तिथे घेतला! बाई म्हणाल्या, असा उमेदवार पुन्हा मिळायचा नाही. तरुणानं तर पेन बक्षीस दिलं असतं, पण लिहायचं राहिलं होतं ना अजून.

बाबा : आई.

आजी : काय 'आई'?

बाबा : काही नाही.

नात : बाबा. खरं सांग. होती का कवळी?

बाबा : ठकू, खरंच उशीर होतोय.

नात : उत्तर दे. हो की नाही?

आजी : अगं, नुसत्या आवाजावरून काय कळणार तुला? खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. लहानपणापासून. पण कान दारातून दिसत नाहीत. असो. राहू दे.

नात : ही तुझी मला बाहेर काढायची युक्ती आहे.

आजी : आहेच. पण कानही आहेत.

(आतून कडीचा खडखडाट.)

आजी : सावकाश गं, कडी अडकते ती. जरा वर उचल. हां. आलीस? ये. नाक बघ काय करून घेतलंस, टोमॅटो!

नात : बाबा, इकडे बघ. सरळ. होती कवळी?

बाबा : होती.

नात : आजी, कान?

आजी : तूच बघ की.

नात : बाबा!! खरंच होती? आणि तो कोट? त्यांचाच?

बाबा : त्यांचाच. काढून घेतला तिथेच. मी शर्टावर घरी आलो. आणि तुझ्या आजीनं शर्टाची फक्त कॉलर आणि छाती इस्त्री केली होती. बाकी सगळा चुरगळलेला.

आजी : कोटाखालचं कोण बघतंय? मला काय माहीत कोटाचा मालक समोरच बसणार आहे!

नात : आणि खिडकी?

बाबा : लावली. मीच लावली. सगळ्यात जवळ मी होतो.

नात : आणि 'होय सर, अगदी लहानपणापासून'?

बाबा : म्हणालो. आणि ठकू, तो प्रश्न काय होता, ते मला आजतागायत माहीत नाही.

आजी : आता तूच सांग. हा असा माणूस. आणि तू नावाच्या जागी दोष सांगितलास म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसतेस! मुलाखत घेणाऱ्यांना हे सांगितलंस ना, तर तेही हसतील. हसलेला माणूस जरा बरे प्रश्न विचारतो. आधी माझी वाटी दे. तोंडावर पाणी मार. आणि हा कोट घाल.

नात : हा कुणाचा?

आजी : बेवारशी आहे.

बाबा : आई!

नात : खिसे?

आजी : चोरखिशासकट तपासलेत. एक लवंगेची गोळी निघाली, ती मी खाल्ली.

नात : नको. मी माझा स्वेटरच घालते. निदान आतून काही निघालं तर माझंच निघेल.

आजी : बघ, सुचायला लागलं हिला. असंच बोल तिथे.

बाबा : फाइल घेतलीस? ओळखपत्र? चल, चल.

नात : थांब ना. बूट तर घालू दे. ...आजी?

आजी : हं.

नात : बाबांची एवढी फजिती झाली, पण त्याला घेतलं ना त्यांनी. मग फजितीची मजा वाटते. माझी फजितीही झाली आणि घेतलंही नाही, तर?

आजी : हे बघ, दातांची शप्पथ घेतली होती मी. वरच्या. त्यामुळे सांगून टाकते. कोट खरा, बटण खरं, कवळी खरी, खिडकी खरी. एवढ्यात एकच गोष्ट मी पदरची घातली.

नात : कोणती?

आजी : घेतला म्हणाले ना, ते.

बाबा : आई, आपलं ठरलं होतं.

आजी : तुझं ठरलं होतं. मी नुसती मान डोलावली होती, त्या बाईंसारखी.

नात : नाही घेतलं? बाबा? तुला नाही घेतलं?

बाबा : त्या वर्षी नाही. दुसऱ्या खेपेला घेतलं.

नात : कवळी शोधून दिलीस तरी?

आजी : मी तेव्हाही हेच म्हणाले होते! कृतघ्न मेले!

बाबा : त्यांचं बरोबर होतं गं. माझी तयारीच कच्ची होती. पुढच्या वेळी नीट केली, आणि कोटाशिवाय गेलो. मग पाहुणे आपले आपणच 'पहिल्या झटक्यात' म्हणायला लागले. मी खोडून काढलं नाही. तेवढंच.

नात : म्हणजे जिन्यातला तो काळा झगा...

बाबा : एक वर्ष उशिरा आलेला.

नात : मग ते वर्षभर तू काय केलंस?

बाबा : सकाळी अभ्यास. दुपारी खाली लॉन्ड्रीत आजीबरोबर हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालायच्या. मित्र सगळे पुढे गेलेले. वर्ष फुकट गेलं, असंच वाटायचं तेव्हा.

आजी : तुझं गेलं असेल. दोन टोकं तू धरायचास, दोन मी. गप्पा मारत घड्या घालत एकमेकांजवळ यायचं, की पुढची चादर. मला तर बाई ते वर्ष संपूच नये असं वाटत होतं.