धूमकेतूसमोर हलायचं नसतं

...नाही, पण मला सांगा, बाईमाणसाला पहाटे पाच मिनिटं आकाशाकडे बघायचं असेल तर अख्ख्या घराची परवानगी का लागते? आदल्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "अरे, उद्याची शेवटची पहाट. मग तो सूर्याच्या उजेडात बुडणार, दिसायचाच नाही." तर हा ताटातून मान वर न काढता म्हणतो, "अगं, धूमकेतू काय पळून जातोय का?"

पळूनच जातोय ना! तोच तर त्याचा धंदा!

तुम्हाला सांगते, बाळ व्हायच्या आधी मी रात्र रात्र आकाशाचे फोटो काढायचे. बरे यायचे हो! ग्रहणाचा एक तर बाहेरच्या खोलीत लावलाय... म्हणजे लावला होता, आता तिथे लसींचा तक्ता आहे. मला फक्त एक फोटो हवा होता. जगाला दाखवायला नाही, मलाच दाखवायला, की बाई, तू आहेस अजून!

तर पहाटे मांजरीसारखी उठले. ट्रायपॉड शोधते तर तो कुठे? बाळाच्या पलंगाशी! सासूबाईंनी त्याच्यावर मच्छरदाणी तोलून धरलेली. काढला की सगळा तंबू बाळावर! म्हटलं, राहू दे, वाळलेल्या दुपट्यांची गठडी घेऊ, कॅमेरा तिच्यावर टेकवू. आणि बॅगेची चेन उघडली... आता बघा हं, आमच्या बाईसाहेब, म्हणजे लेक, मिक्सरच्या घरघरीत घोरतात, शेजारी भिंत फोडत होते तेव्हा घोरत होत्या, पण चेन? टक्क जाग्या! भोंगा सुरू!

सासूबाई आतून, "काय गं, भूक लागली का तिला?"

"नाही आई, धूमकेतू!"

"मग आधी चहा घे. तो काय पळून जातोय?"

घ्या! इकडेही तेच!

शेवटी बाळ झोळीत छातीशी बांधलं, दुपटी काखेत, कॅमेरा गळ्यात, अशी लादलेली मी गच्चीवर. आणि अहो... होता! समोरच्या इमारतीच्या टाकीच्या जरा वर, फिकट, शेपटी वर करून, कुणी खडूचं बोट हळूच फिरवावं तसा. मला एकदम भरूनच आलं. बाळसुद्धा गप्प! म्हटलं आता काढावा. पण एवढ्या अंधुक उजेडात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याच्या आतलं झाकण काही सेकंद उघडं राहतं, तेवढा वेळ तसूभरही हलायचं नाही. मी थांबले की बाईसाहेबांचा भोंगा. डोलले की गप्प. थांबले, भोंगा. डोलले, गप्प. आणि पूर्वेला उजेड फुटायला लागलेला! मी रडकुंडीला!

तेवढ्यात नवरा आला वर. केस उभे, एका पायात माझी चप्पल. बाळ घेतलं आणि म्हणाला, "काढ. मी डोलतो."

खरं सांगते, लग्नात एवढं छान काही बोलला नव्हता.

कठडा उतरता, म्हणून दुपट्यांवर कॅमेरा दोन्ही हातांनी दाबून धरला. श्वास रोखला. काढला. पुन्हा काढला. काढतच राहिले, तो पार विरघळेपर्यंत. मग पडद्यावर बघते तर... धूमकेतू नाहीच! नागमोडी रेघ! सगळ्यांत! जसा काही तो पिऊन घरी निघालाय!

"कॅमेरा बिघडला रे!"

नवऱ्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "अगं... तू अजून डोलतेयस."

खाली बघितलं. पाय डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... हातात बाळ नाही, काही नाही, आणि मी आपली कठड्याला झोपवतेय! "मग सांगायचंस ना!" तर म्हणे, "मला वाटलं, फोटो तसाच काढतात."

दुपारी त्यातला एक फोटो नवऱ्याने छापून आणला, तर सासूबाईंनी तो निरखून बघितला, लसींचा तक्ता जरा सरकवला आणि शेजारी तो चिकटवून टाकला. "हलला तर हलला. आपल्या घरचा आहे."

आता तो परत येणार काही हजार वर्षांनी. येऊ दे. मीही आता म्हणते, पळून कुठे जातोय... तोपर्यंत आमच्या बाईसाहेब रात्रभर सलग झोपायला लागतील, असं डॉक्टर म्हणतात.

बहुतेक.