कड्याचा घाम

ताई : हात लावून बघितला मी. कडा कोरडा ठणठणीत आहे.

भाऊ : मग! आता जिन्यावर शेवाळ नाही, लॉजवरचा कुणी पाहुणा घसरत नाही. भूगर्भशास्त्र शिकलेल्या बहिणीकडून एकदा तरी शाबासकी मिळू दे.

ताई : बाबा त्याला कड्याचा घाम म्हणायचे. भर उन्हाळ्यातही पाझरायचा. गेला कुठे?

भाऊ : बंद केला. भेगा सिमेंटने लिंपून टाकल्या. तूच म्हणालीस ना फोनवर, कड्यात पाणी राहू देऊ नकोस म्हणून?

ताई : अरे देवा! राहू देऊ नकोस म्हणजे बाहेर येऊ दे! तू त्याला आत कोंडलंस!

भाऊ : एवढं अंगावर यायला काय झालं?

ताई : कठड्यापाशी ये. नदीपलीकडचा कडा बघ. दगडाचे थर कसे आहेत?

भाऊ : तिरके. डोंगरात आत कललेत.

ताई : आणि आपल्या बाजूचे?

भाऊ : आपल्या बाजूचे... नदीकडे उतरलेत.

ताई : दोन थरांच्या मध्ये चिकणमाती आहे. ती भिजली की साबणासारखी होते. मग वरचा थर सुटतो. आपलं लॉज त्या वरच्या थरावर आहे.

भाऊ : उगाच घाबरवू नकोस. नदीने लाखो वर्षं कोरलेली घळ, ती काय आज पडणारे?

ताई : नदीने एकटीने नाही कोरली. असेच तुकडे खाली येत गेले आणि ती ते वाहून नेत गेली. पात्रातला तो घराएवढा धोंडा काय आभाळातून पडला?

भाऊ : थांब. खाली पत्र्यावर काय वाजतंय?

ताई : खडे पडताहेत. पाहुणे कुठेत?

भाऊ : सगळे पुलापलीकडे फिरायला गेलेत.

ताई : आणि आई?

भाऊ : खालच्या खोलीत. दुपारी तिथेच पडते, नदीच्या आवाजाने छान झोप लागते म्हणते.

ताई : पळ!

(दोघं धावत जिना उतरतात. खडे पडतच आहेत.)

भाऊ : आई! ऊठ! आधी बाहेर ये!

आई : आले, आले. डोळा लागला होता जरा. केवढ्यांदा ओरडतोस!

ताई : आई, चष्मा, चप्पल, काही शोधू नकोस! नुसती कडी काढ!

आई : कडी काढली गं मघाशीच. दारच चौकटीत आवळून बसलंय, हलत नाहीये. तू जरा बाहेरून ढकल बघू.